गालिच्यावर चहा सांडला? घासू नका, टिपा

चहाचा कप कलंडला की हाताला लागेल त्या फडक्याने गालिचा खसाखसा घासायचा, ही घरोघरची सवय. डाग पक्का होतो तो इथेच. घासल्याने ओल धाग्यांच्या मुळापर्यंत उतरते, डाग पसरतो आणि गालिच्याची लव विस्कटते ती कायमची. त्याऐवजी पांढरं सुती फडकं वरून दाबून धरा. ते भिजलं की कोरडी बाजू घ्या. टिपायचं कडेकडून मध्याकडे.

मग थोडं थंड पाणी शिंपडून पुन्हा टिपा. गरम पाणी नको, दुधाचा अंश त्याने धाग्यावर घट्ट बसतो. पिवळट छटा उरली तर एक भाग पांढरा सिरका, दोन भाग पाणी. आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघा. शरबत सांडलं तरी हेच करायचं. साखर राहिली तर त्या जागी धूळ चिकटून काळा ठिपका पडतो.

दस्तरखानावरून सालन सांडलं तर ते आधी चमच्याने उचला. साबण लागताच हळद लाल होते, तेव्हा घाबरू नका. साबण निघाला की ती पुन्हा पिवळी पडते. उरलेला पिवळेपणा ऊन खातं.

ब्लीचला मात्र हातच लावू नका. लोकर आणि रेशीम त्यात अक्षरशः विरघळतात. लघवीवर ब्लीच ओतलं तर विषारी वायूही निघतो.

लहान मुलाने गालिच्यावर लघवी केली, तर प्रश्न फक्त डागाचा राहत नाही. त्याच गालिच्यावर नमाज होते. वास गेला, डाग दिसेना, म्हणजे जागा पाक झाली असं नाही. नुसतं ओलं फडकं फिरवूनही भागत नाही. हनफी मसलकात पिळता न येणाऱ्या वस्तूवर तीनदा पाणी ओततात आणि दरवेळी ठिबकणं थांबू देतात. कोकणातली बरीच घरं शाफई. तिथे लघवी टिपून घेतल्यावर एकदा पाणी वाहवलं तरी चालतं, मात्र रंग-वास उरता कामा नये. शंका असेल तर इमाम साहेबांना विचारलेलं बरं.

एवढं पाणी घातल्यावर गालिचा जमिनीवर तसाच ठेवू नका. गच्चीत कठड्यावर टाका. पावसाळ्यात दोन खुर्च्यांवर पसरून खालून-वरून पंख्याचा वारा द्या आणि उलटी बाजू हाताला पूर्ण कोरडी लागेपर्यंत अंथरू नका.