धंद्याचं नाव : लक्षात राहील आणि आपलंच राहील असं

बडोद्याहून एका ताईंनी विचारलंय, "मसाले आणि भाजणीचा व्यवसाय सुरू करतेय. 'शुद्ध घरगुती मसाले' हे नाव ठेवू का? पाकिटं छापायला टाकायची आहेत."

ताई, छपाई आठवडाभर थांबवा. नावात खोटं काहीच नाही, पण ते तुमचं एकटीचं होणार नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार मालाचा फक्त प्रकार किंवा गुण सांगणारे शब्द सहसा नोंदवून मिळत नाहीत. 'शुद्ध' आणि 'घरगुती' उद्या शेजारचा दुकानदारही लिहील, आणि तुम्हाला त्याला अडवता येणार नाही.

मग नाव शोधायचं कुठे? जुन्या उद्योगांकडे बघा. करसनभाई पटेल यांनी मुलगी निरुपमाच्या नावावरून 'निरमा' केलं. दांडेकरांच्या 'कॅमल इंक' या शाईचे दोन शब्द जुळून 'कॅमलिन' झालं. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीचं 'विको' झालं. तिन्ही नावं छोटी आहेत, आणि एकातही मालाचं वर्णन नाही. घरातलं माणूस, दोन शब्दांची जोडणी, आद्याक्षरं : या तीन वाटांनी वहीत वीस नावं लिहून काढा.

आता चाळणी लावा. महाराष्ट्राबाहेर धंदा करणाऱ्या मराठी माणसानं ही पहिली चाळणी विसरू नये. 'ळ' हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत नाही, त्यामुळे इंदूरमध्ये 'कमळ'चं 'कमल' होतं. आपल्या 'चव'मधला 'च' हिंदी माणूस 'चहा'तल्यासारखा वाचेल. 'झणझणीत'चंही तसंच. गिऱ्हाईक नाव चुकीचं बोललं, की इंटरनेटवर चुकीचंच शोधणार.

दुसरी चाळणी फोनची. पाच जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. पाच जणांची तीन वेगळी स्पेलिंगं आली, तर नाव बाद. दोन दिवसांनी त्यांनाच विचारा, "काय नाव होतं?" आठवलं, तर ठेवा.

तिसरी चाळणी कायद्याची. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. उच्चारानं जवळची नावंही तपासा, कारण एखादं अक्षर बदलून सुटका होत नाही. मसाले आणि पिठं ३० व्या वर्गात येतात, तिथे आधी पाहा. स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला, तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. उद्यम नोंदणी झाली किंवा दुकानाचा परवाना मिळाला, म्हणजे नावावर हक्क मिळाला असं नाही. त्या नोंदी वेगळ्या कामासाठी असतात. तीन वर्षांनी आधीचा मालक दारात आला, तर पाकिटं, पाटी आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेलं नाव, सगळं सोडावं लागू शकतं. त्यापुढे आज थांबलेला एक आठवडा स्वस्तच.

ताई, तुमची तीन नावं खाली लिहून पाठवा. पुढच्या भागात आपण सगळे मिळून ती चाळणीतून काढू. भेटूया!