रस्ता कुणाचा आणि पैसा कुठला?

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘आपला तालुका’ या बोलण्याचा मजकूर)

गेल्या पावसाळ्यात आपल्या एका श्रोती ताईंचा फोन आला होता. त्यांचं गाव भिवंडी तालुक्यातलं, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. त्या म्हणाल्या, “ताई, बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट झालं, पोरींना शाळेचा पास फुकट. पण एसटीच गावात येत नाही. ड्रायव्हर म्हणतो, रस्ता नीट करा, मग गाडी आणतो.” गावातल्या दहा-बारा जणी तक्रार घेऊन गेल्या. पहिल्या कचेरीत सांगितलं, हा रस्ता आमचा नाही. दुसरीत सांगितलं, आमचाच आहे पण निधी नाही. तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि हातात काहीच आलं नाही.

एसटीतली पन्नास टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून सुरू झाली. ती आपल्यापर्यंत पोचायची तर गाडी गावात यायला हवी, आणि गाडी यायची तर रस्ता हवा. म्हणून आज रस्त्याच्या हिशेबाबद्दल बोलू या. हा हिशेब अवघड वाटतो, पण घरखर्चासारखाच आहे. कोणता खर्च कोणत्या डब्यातून करायचा, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आधी रस्त्याची जात ओळखा

आपल्याकडे रस्त्यांचे पाच प्रकार आहेत: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. ही वाटणी जुनी आहे. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले, तेव्हा रस्त्यांची अशी प्रतवारी ठरली. ‘नागपूर योजना’ म्हणतात ती हीच.

आपल्या तालुक्यात हे सगळे प्रकार बघायला मिळतात. मानकोली, रांजणोली, पडघ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. वाड्याकडून मनोरला जाणारा रस्ता राज्य मार्ग आहे. समृद्धी महामार्ग या पाचांत वेगळा पडतो. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्याच तालुक्यात आमणेला येऊन संपतो, आणि तो राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला. शहराच्या हद्दीतले बहुतेक रस्ते महापालिकेचे. फाट्यावरून आत गावाला, वाडीला, पाड्याला जाणारे रस्ते मात्र बहुधा ‘इतर जिल्हा मार्ग’ किंवा ‘ग्रामीण मार्ग’ असतात.

साधारणपणे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हणजे आपण पीडब्ल्यूडी म्हणतो ते खातं, सांभाळतं. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. गावठाणातल्या गल्ल्या आणि आतले रस्ते ग्रामपंचायत बघते. त्यामुळे घरापासून दवाखान्यापर्यंत पाच किलोमीटर गेलात तर वाटेत तीन मालक बदलतात. डांबर काळंच दिसतं, पण मालक बदललेला असतो.

ओळखायची एक सोपी खूण आहे. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा असेल तर बहुधा जिल्हा मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडच नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना रस्त्याचा क्रमांक विचारा. प्रत्येक नोंदलेल्या रस्त्याला क्रमांक असतो, उदाहरणार्थ ‘ग्रा.मा.’ किंवा ‘इ.जि.मा.’ आणि पुढे आकडा. अर्जात “आमच्या गावचा रस्ता” लिहिलं तर कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. क्रमांक, कुठून कुठपर्यंत आणि किती लांबी, हे लिहिलं की तो थेट योग्य माणसाकडे जातो.

पैसा कुठून येतो?

गावच्या रस्त्याला पैसा एकाच ठिकाणाहून येत नाही. मुख्य डबे सांगते.

पहिला डबा जिल्हा वार्षिक योजनेचा. जिल्हा नियोजन समिती दरवर्षी जिल्ह्याचा आराखडा ठरवते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. रस्त्यांच्या बाबतीत दोन आकडे लक्षात ठेवा: ३०५४ आणि ५०५४. ही हिशेबाची शीर्षकं आहेत. ३०५४ मधून मुख्यतः देखभाल-दुरुस्ती होते आणि ५०५४ मधून नवी बांधणी. कचेरीत “तीस चोपन्न”, “पन्नास चोपन्न” असं बोललेलं ऐकू आलं तर ते हेच.

दुसरा डबा राज्याच्या ग्रामविकास विभागाचा. त्याचं शीर्षक २५१५. गावातल्या मूलभूत सोयींसाठी हा पैसा असतो आणि लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं त्यातून होतात. त्याशिवाय आमदार निधी वर्षाला ५ कोटी आणि खासदार निधीही वर्षाला ५ कोटी. पण त्यावर त्यांच्या मतदारसंघातल्या साऱ्या गावांचा डोळा असतो.

तिसरा डबा ठरावीक योजनांचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, आणि २०१५ पासून आपल्या राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही आहे. प्रधानमंत्री योजनेच्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल करणं ठेकेदारावर बंधनकारक असतं. हे फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येते.

चौथा डबा जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. त्यातला एक भाग जमीन खरेदी-विक्रीवरच्या मुद्रांक शुल्कातून येतो. आपल्या तालुक्यात गोदामांसाठी जमिनीचे किती व्यवहार होतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या मुद्रांक शुल्कातला वाटा ग्रामपंचायतीलाही मिळतो.

पाचवा डबा ग्रामपंचायतीचा, म्हणजे घरपट्टी आणि वित्त आयोगाचा निधी. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशाची आपल्या राज्यात वाटणी अशी होती: ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला. त्यातला साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. राहिलेल्या मोकळ्या भागातून रस्ता, दिवे, गटार अशी कामं करायची. आणि घरपट्टी नुसती आपल्या घरांचीच नसते, गावच्या हद्दीतल्या गोदामांचीही असते. ती किती बसवली आणि किती वसूल झाली, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

रस्ता एवढ्या लवकर का उखडतो?

“दोन वर्षांपूर्वीच तर केला होता!” हे वाक्य आपण दर पावसाळ्यात ऐकतो. कामात खोट असेल तर ती धरायलाच हवी. पण आणखी दोन कारणं आहेत.

एक म्हणजे वजन. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून गाड्या चालवून पाहिल्या. त्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात. चाकांच्या एका धुरीवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, जवळजवळ सोळापट होते. आपले गावरस्ते एसटी, टेम्पो, रिक्षा आणि दुचाकी धरून बांधलेले आहेत. त्यांवरून गोदामाकडे कंटेनर जाऊ लागले की रस्ता किती दिवस टिकेल, याचा हिशेब तुम्हीच करा. कंटेनर जाणारच असतील, तर रस्त्याचा दर्जा वाढवून तो जाड थराचा करा, अशी मागणी हवी. त्याच जाडीचा रस्ता पुन्हा मागण्यात अर्थ नाही. भिवंडीभोवतीच्या अनेक गावांत बांधकामाचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे, म्हणून अशा मागणीची एक प्रत तिथेही द्यायची.

दुसरं कारण पाणी. डांबराचा वैरी पाणी. बाजूचं गटार बुजलं, शेताचं किंवा गोदामाच्या भरावाचं पाणी रस्त्यावर आलं, की खालचा थर भिजून बसतो आणि वर खड्डा पडतो. वरून कितीही खडी टाकली तरी तो पुन्हा उघडतो. म्हणून अर्जात खड्ड्याबरोबर गटार आणि मोरीही लिहा.

आणि एक गोष्ट घरातलीच. नवं भांडं घ्यायला पैसे निघतात, कल्हईला निघत नाहीत. रस्त्यांचंही तसंच आहे. नव्या कामाचा नारळ फोडायला सगळे येतात, गटार काढायला कुणी येत नाही. पण वेळेवर केलेली थोडी दुरुस्ती मोठा खर्च वाचवते. म्हणून आपण बायकांनी देखभालीचा पैसा मागायला शिकलं पाहिजे.

मागणी कधी आणि कशी करायची?

पावसात खड्डा दिसतो म्हणून आपण पावसात ओरडतो. तेव्हा फार तर खडी-मुरूम पडतो, डांबर पडत नाही. खरी मागणी त्याआधी, आराखडा ठरताना हवी. सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा त्याच्या काही महिने आधी, बहुधा २ ऑक्टोबरच्या सुमाराच्या ग्रामसभांपासून, तयार होऊ लागतो.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. अनेक गावांत ती कागदावरच होते, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. यापुढे अशी सही देऊ नका. सभेला जा, रस्त्याचा ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत मागा. तोच ठराव मग ग्रामसभेत न्या.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. पुढे शाखा अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक करतात. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी ठेकेदाराला कार्यारंभ आदेश. कागद कुठे अडलाय, हे विचारताना या पायऱ्यांची नावं घेतलीत की समोरचा माणूस टोलवत नाही. जिल्हा परिषदेच्या रस्त्यासाठी पहिला दरवाजा पंचायत समितीतला बांधकाम उपविभाग, तिथले उपअभियंता. त्यांच्या वर ठाण्याला कार्यकारी अभियंता. सभागृहात निवडून आलेले सदस्य असोत की प्रशासक असो, ही माणसं जागेवर असतातच. अर्जाची पोच, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही.

काम चालू असताना आणि झाल्यावर

कामाच्या जागी फलक असतो. त्यावर कामाचं नाव, लांबी, रक्कम, ठेकेदार आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. त्याचा फोटो काढून ठेवा. त्या मुदतीला दोषदायित्व कालावधी म्हणतात. त्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची. “निधी नाही” हे उत्तर तिथे चालत नाही. आमच्या पाहण्यात कितीतरी गावांनी ही मुदत संपेपर्यंत विचारलंच नव्हतं.

संशय असेल तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेवढेही भरावे लागत नाहीत. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. कोणता थर किती जाडीचा टाकला, हे त्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क या कायद्यात आहे.

आणि खड्ड्यामुळे कुणाला इजा झाली तर? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमींना इजेप्रमाणे पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. म्हणून अपघात झाला तर पोलिसांकडे नोंद, दवाखान्याचे कागद आणि खड्ड्याचा फोटो, या तीन गोष्टी जपून ठेवा. गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. पण रस्ता कुणाचा, हा प्रश्न त्या दिवशी तरी कुणाला टाळता येत नाही.

आता त्या फोनवाल्या ताईंचं सांगते. त्यांच्या तीन किलोमीटरांत दोन मालक निघाले. शेवटचा सातशे मीटरचा तुकडा ग्रामपंचायतीचा, बाकीचा जिल्हा परिषदेचा, आणि त्याची देखभालीची मुदत अजून आठ महिने बाकी होती! तिथले खड्डे दिवाळीनंतर ठेकेदाराकडून भरून घेतले. सातशे मीटरांचा ठराव महिला सभेत झाला, पण काम अजून व्हायचंय. एसटी सध्या सकाळची एक फेरी करते आणि सातशे मीटर अलीकडे थांबते. पोरी तिथून चालत घरी येतात. ताई म्हणाल्या, “तीन किलोमीटरचे सातशे मीटर केले. आता तेवढेच राहिले.”

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच काम करा. आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचा क्रमांक शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.