गिझरमधली विसरलेली कांडी

रत्नागिरीच्या परसातला तांब्याचा बंब गळू लागला, की तांबट डाग देऊन तो पुन्हा वापरात आणायचा. गिझरची पोलादी टाकी मात्र एकदा फुटली, की बहुधा नवा गिझरच घ्यावा लागतो. कॉइल किंवा थर्मोस्टॅट बदलणं त्या मानाने पुष्कळ स्वस्त.

ही टाकी वाचवायला आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर गंजतं, म्हणून टाकीऐवजी आधी कांडी झिजते. कांडी संपली, की आतल्या मुलाम्याला जिथे तडा असेल तिथून पोलाद गंजायला लागतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात खारटपणा असेल, तर हे आणखी झपाट्याने होतं. उघडून पाहिली तर जाड कांडीची खडबडीत काडी उरलेली दिसते. कधी नुसती तारच.

पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर खर्चाचा विचार नंतर करा. मेन स्विच लगेच बंद करा आणि कॉइल व अर्थिंग तपासून घ्या. यात चालढकल जिवावर बेतते.

मेकॅनिक आला, की ‘कांडी किती उरलीय?’ असं विचारा आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी बघा.