राजाचा घोडा, विरोधकांचे रंग

हॅनोव्हरमध्ये लाइने नदीकाठी लाइनेश्लॉस हा जुना राजवाडा आहे. 1962 पासून तिथे नीडरजाक्सन राज्याची विधानसभा भरते. या राज्याचा ध्वज पहिल्यांदा पाहणारा हमखास फसतो. काळा, लाल आणि सोनेरी हे आडवे पट्टे म्हणजे जर्मनीचा राष्ट्रध्वजच. फक्त त्याच्या मधोमध लाल ढाल आहे आणि ढालीवर झेप घेणारा पांढरा घोडा. घोडा हॅनोव्हरच्या राजांचा. रंग मात्र त्या राजांना नको असलेल्या लोकांचे. एका कापडावर हे दोघे कसे आले, हे समजून घेतले की जर्मन ध्वजाची निम्मी गोष्ट कळते.

नीडरजाक्सन हे राज्य नोव्हेंबर 1946 मध्ये ब्रिटिश लष्करी प्रशासनाने घडवले. हॅनोव्हर, ओल्डेनबुर्ग, ब्राउनश्वाइग आणि शाउमबुर्ग-लिप्पे असे चार जुने प्रदेश त्यात एकत्र आले. प्रत्येकाचे निशाण वेगळे. हॅनोव्हरचे पिवळे-पांढरे, ब्राउनश्वाइगचे निळे-पिवळे, ओल्डेनबुर्गचे निळ्यावर लाल क्रॉस, शाउमबुर्ग-लिप्पेचे पांढरे-लाल-निळे. एकाचे घ्यावे तर बाकी तिघे नाराज, आणि सगळ्यांचे घ्यावे तर नुसती रंगांची गर्दी. शेवटी देशाचेच तीन रंग घेऊन त्यावर राज्यचिन्ह ठेवायचे ठरले. 1951 च्या हंगामी राज्यघटनेत ते नोंदले गेले आणि 1952 मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. ऱ्हाइनलँड-फाल्त्स आणि जारलँड या राज्यांनीही हाच मार्ग धरला. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. कुणाचाही रंग जिंकला नाही, म्हणून कुणाचा हरलाही नाही.

घोड्याचे मूळ दंतकथेत आहे. आठव्या शतकात सॅक्सन सरदार विडुकिंड शार्लमेनशी वर्षानुवर्षे लढला आणि 785 मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. तोवर तो काळ्या घोड्यावर बसे, त्यानंतर पांढऱ्यावर बसू लागला, असे लोक सांगतात. कागदोपत्री पुरावा मात्र बराच नंतरचा. हॅनोव्हरचे राजे ज्या वेल्फ घराण्यातले, त्याच्या चिन्हांत हा घोडा चौदाव्या शतकात दिसू लागतो. पण लोकांनी तो राजांवर सोडून दिला नाही. या भागातल्या जुन्या शेतघरांच्या छपरांच्या टोकाला दोन लाकडी घोड्यांची डोकी एकमेकांना छेदून बसवलेली असतात.

मराठी वाचकाचा या घोड्याशी एक जुना, कडवट संबंध आहे. 1714 मध्ये हॅनोव्हरचा राज्यकर्ता गेओर्ग लुडविग हा पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढची 123 वर्षे दोन्ही सिंहासने एकाच माणसाकडे राहिली. ब्रिटिश राजचिन्हात त्या काळात हा पांढरा घोडा होता. इंग्रज-मराठ्यांची तिन्ही युद्धे याच काळातली. 17 नोव्हेंबर 1817 ला शनिवारवाड्यावर पेशव्यांच्या निशाणाच्या जागी युनियन जॅक चढला, तेव्हा ज्या तिसऱ्या जॉर्जच्या नावाने तो चढला तो हॅनोव्हरचाही राजा होता.

1837 मध्ये ही जोडी तुटली. इंग्लंडची गादी व्हिक्टोरियाकडे गेली. हॅनोव्हरच्या वारसा नियमात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी मिळत नसे, त्यामुळे तिथे तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट आला. आल्याबरोबर त्याने 1833 ची राज्यघटना रद्द केली. ग्योटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला: आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडणार नाही. सातही जणांना नोकरीवरून काढले आणि तिघांना राज्याबाहेर घालवले. त्या तिघांत परीकथा गोळा करणारा याकोब ग्रिम होता आणि इतिहासकार डालमान होता.

काळा-लाल-सोनेरी हे रंग अशाच माणसांचे होते. 1813 मध्ये नेपोलियनविरुद्ध लढलेल्या ल्युत्सोव्हच्या स्वयंसेवक दलाचा गणवेश काळा, त्याची किनार लाल आणि बटणे पितळी. त्या दलातून परतलेल्या विद्यार्थ्यांनी 1815 मध्ये येना इथे संघटना काढली आणि हे रंग उचलले. 1832 मध्ये हामबाखच्या गडावर हजारो लोक तिरंगी निशाणे घेऊन चढले. त्यांना हवे होते एकसंध राष्ट्र, छापण्याचे स्वातंत्र्य आणि राजालाही बांधणारी घटना. 1848 च्या क्रांतीत फ्रांकफुर्टच्या पाउल्सकिर्खं या चर्चमध्ये पहिली जर्मन संसद याच रंगांखाली बसली आणि हॅनोव्हरमधून हाकललेले ग्रिम आणि डालमान तिचे सदस्य होते. ती संसद टिकली नाही. एर्न्स्ट आउगुस्टने तिची घटना मानली नाही.

त्याचा अश्वारूढ पुतळा आजही हॅनोव्हरच्या मुख्य रेल्वे स्थानकासमोर आहे. शहरातले लोक ‘शेपटाखाली भेटू’ असे म्हणतात, ते याच घोड्याच्या शेपटाखाली. आणि विधानसभेजवळ 1998 पासून त्या सात प्राध्यापकांचे स्मारक आहे. शहराने दोघांनाही जागा दिली, पण विधानसभेच्या शेजारी कोण हवे ते बरोबर ओळखले.

हॅनोव्हरचे राज्य 1866 मध्ये प्रशियाने गिळले. पिवळे-पांढरे निशाण पुढे राजनिष्ठांच्या पक्षाकडे उरले. 1871 च्या साम्राज्याने काळा-पांढरा-लाल निवडला, 1919 च्या प्रजासत्ताकाने पुन्हा काळा-लाल-सोनेरी. या दोन तिरंग्यांची भांडणे रस्त्यावर झाली आणि सरकार पडण्यापर्यंत गेली. राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी फील्ड मार्शल हिंडेनबुर्ग हॅनोव्हरला राहत असे. मे 1926 मध्ये त्याच्या सहीने हुकूम निघाला: समुद्रापारच्या आणि बंदरांतल्या वकिलातींवर राष्ट्रध्वजाच्या जोडीने साम्राज्याच्या रंगांचा व्यापारी ध्वजही लावावा. काही दिवसांतच चान्सलर लुथरला पायउतार व्हावे लागले. पुढे नाझींनी तिरंगा साफ पुसला. त्याच रंगांच्या बाजूने उभा राहिलेला कुर्ट शूमाखर सुमारे दहा वर्षे छळछावण्यांत काढून आला आणि 1945 मध्ये त्याने हॅनोव्हरच्या लिंडन भागातून सोशल डेमोक्रॅटिक पक्ष पुन्हा उभा केला.

तेव्हा जर्मनीला ध्वजच नव्हता. 1946 पासून जर्मन जहाजांना ओळखीसाठी नाविक संकेतांतल्या ‘सी’ निशाणाचा एक प्रकार लावावा लागे. देशाचे रंग परत आले ते मे 1949 च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे राज्यघटनेने. त्याच्या 22 व्या कलमात ध्वजाचे वर्णन एका छोट्या वाक्यात आटोपले आहे, कोणता रंग कशाचे प्रतीक हे सांगितलेले नाही. मला ते पटते. त्यागाचे किंवा शौर्याचे अर्थ लावण्यापेक्षा हे रंग कुणी कधी हातात धरले हे जास्त बोलके आहे.

शिष्टाचारही तसाच संयमी. ध्वजाचे प्रमाण 3:5, आपल्या तिरंग्याचे 2:3. साधा तिरंगा कुणीही लावावा. गरुडाच्या ढालीचा ध्वज मात्र फक्त संघराज्याच्या कार्यालयांचा. उभा टांगला तर पाहणाऱ्याच्या डावीकडे काळा पट्टा येतो, आपल्याकडे केशरी. 23 मे, 20 जुलै आणि 3 ऑक्टोबरला सरकारी इमारतींवर ध्वज पूर्ण उंचीवर असतो. 20 जुलै हा हिटलरविरुद्धच्या 1944 च्या कटाचा स्मृतिदिन. 27 जानेवारीला, आउश्वित्सच्या मुक्ततेच्या दिवशी, तो अर्ध्यावर येतो. आपला प्रजासत्ताक दिनाचा ध्वज चढतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. अर्ध्यावर आणता येत नसेल तर काळी फीत बांधतात. अवमानाला दोन्ही देशांत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

घराघरांवर ध्वज लावण्याची सवय मात्र जर्मनांना बराच काळ नव्हती. इतिहासाची लाज आड येई. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात, ज्याचे काही सामने हॅनोव्हरलाही झाले, गाड्यांवर आणि गॅलऱ्यांत तिरंगे फडकले आणि देशभर त्यावर चर्चा झाली. आपल्याकडे सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावण्याची मुभा 2002 च्या ध्वजसंहितेने मिळाली आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मानला.

भारताचे निशाणही जर्मनीत लवकर पोहोचले होते. 22 ऑगस्ट 1907 ला मादाम कामांनी ते स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकावले. इंदुलाल याज्ञिकांनी पुढे ते भारतात आणले आणि ते पुण्याच्या केसरीवाड्यात आले. एप्रिल 2015 मध्ये हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेत भारत भागीदार देश होता, तेव्हा आपला तिरंगा यजमानांच्या तिरंग्याशेजारी अधिकृतपणे लागला. अशा वेळी त्याची जबाबदारी जर्मन कायदाही घेतो. जर्मन दंडसंहितेच्या 104 व्या कलमानुसार, रीतीप्रमाणे जाहीरपणे लावलेला परक्या देशाचा ध्वज काढून टाकणाऱ्याला किंवा विटंबणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.