पट्टीवरची सोन्याची रेघ

पाचूबंदरच्या एका मावशींच्या नातवाला थंडी वाजून ताप भरला होता. बोटातला रक्ताचा थेंब घेऊन मी मलेरियाची पट्टी लावली. लाल रेघ पाहून मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, ही रक्ताचीच रेघ ना?" मी म्हटले, "नाही मावशी, सोन्याची." त्यांना ती थट्टा वाटली, पण गोष्ट खरी आहे. गर्भधारणेच्या पट्टीवरही बहुधा हेच सोने असते.

सोने पिवळे, मग रेघ लाल कशी? सोन्याचा कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान केला, की प्रकाश पडताच त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन एकसाथ हिंदकळतात. शास्त्रज्ञ याला प्लाझ्मॉन म्हणतात. त्यात हिरवा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला लाल रंग दिसतो. सोन्याचे असे लाल पाणी मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच अभ्यासले होते. आज सोन्याच्या क्षाराचे पातळ द्रावण उकळून त्यात सायट्रेट घालतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर 2004 मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी कण बनवले. होय, आपल्या परसातला गवती चहा!

सोनार दागिन्यात तांबे मिसळतो ते बळकटीसाठी. इथेही दोन्ही धातूंचे क्षार एकत्र घेऊन मिश्र कण बनवतात. सोने कमी लागते आणि आकार नीट जमला तर हे कण तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषतात. तो प्रकाश मांसात अधिक खोल शिरतो. कण तापतो आणि त्याच्यालगतची कर्करोगाची पेशी मरते. अर्थात, सोने-तांब्याचा हा उपाय अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच चालू आहे. कारण तांब्याचे भांडे जसे कळकते, तसे हे कणही बिघडतात आणि सुटलेले तांबे निरोगी पेशींनाही बाधते. तेव्हा अशा नावाची पूड कोणी कर्करोगावर औषध म्हणून विकू लागला, तर ती पोटात घेऊ नये.

पट्टीबाबत मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्याकडची खारी, दमट हवा तिला मानवत नाही; म्हणून पाकीट आयत्या वेळी फोडावे. खात्रीची रेघ उमटलीच नाही तर ती पट्टी बाद समजावी. रोगाची रेघ दिलेल्या वेळात फिकट का होईना उमटली, तर मलेरिया आहे असे धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेघ नाही, पण ताप हटत नाही, अशा वेळी काचेवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासून घ्यावे.