जिभेची कसरत : मराठी उच्चारक्रीडेचा ध्वनिविचार

लोकवाङ्मयाच्या अभ्यासात ओवी, उखाणा, म्हण यांना जे स्थान लाभले, ते ‘चटईला टाचणी टोचली’ यासारख्या वाक्यांना लाभलेले नाही. मुलांचा खेळ म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि विषय तेथेच संपतो. अलंकारविचारातही त्यांची सोय लागत नाही. वर्णांची आवृत्ती आहे म्हणून त्यांना अनुप्रास म्हणावे, तर अनुप्रासातील आवृत्ती श्रवणसुखासाठी असते. येथे ती योजलेली असते बोलणाऱ्याने चुकावे म्हणून. ही चूक कशी घडवून आणली जाते हे पाहिले, की या वाक्यांचे खास मराठीपण ध्यानात येते.

उपर्युक्त वाक्याचा भार च आणि ट या दोन व्यंजनांवर आहे. पहिल्या शब्दात त्यांचा क्रम च-ट असा असून पुढील दोन्ही शब्दांत तो उलटतो. वेगाने म्हणताना जीभ पहिलाच क्रम चालू ठेवते आणि टाचणीची ‘चाटणी’ होते. हा वर्णविपर्यय होय. ‘लघु’पासून ‘हळू’ ज्या प्रक्रियेने सिद्ध झाला, तिचाच हा क्षणिक आविष्कार. याहून महत्त्वाचे असे, की येथील तिन्ही च ‘चार’ या संख्येतील तालव्य च नसून ‘चाक’मधील दंततालव्य च आहेत. त्याच्या उच्चारात जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते, आणि ट साठी तेच टोक लगेच मागे वळवावे लागते. तालव्य च चा भार जिभेच्या पात्यावर असल्याने टोकाची अशी ओढाताण होत नाही. देवनागरी लेखनात मात्र दोन्ही च सारखेच. सर्व च तालव्य उच्चारणाऱ्या वाचकाच्या तोंडी हेच छापील वाक्य एक निराळी कसरत बनते.

कोटीच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. कागदावर हा निर्दोष श्लेष आहे, पण पहिला ज तालव्य, दुसरा दंततालव्य. मोठ्याने वाचताच श्लेष फुटतो. अशा कोट्या डोळ्यांसाठी असतात. शाब्दिक विनोदाची चर्चा करताना हा भेद आपण फारसा करीत नाही.

‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे वाक्य मला अधिक संपन्न वाटते. राळे हे भरड धान्य. वर्गातील अनेकांना तो शब्दच आता समजावून सांगावा लागतो. काळे-गोरे दाणे एकमेकांत मिसळावेत तसे र, ळ, ल हे ध्वनी येथे मिसळतात, आणि शेवटच्या ‘मिसळले’त ळ व ल शेजारी येऊन जिभेची खरी परीक्षा होते. अर्थ आणि उच्चार यांचे असे ऐक्य पापडाच्या सर्वपरिचित वाक्यात नाही.

वऱ्हाडीत ळ च्या जागी य येतो, ‘डोळा’ तेथे ‘डोया’ होतो. त्या उच्चारात हे वाक्य ‘काये राये’ असे सरळ वाहू लागेल आणि त्यातील अडथळाच नाहीसा होईल. म्हणून अशा वाक्यांच्या संकलनात केवळ संहिता पुरेशी नाही. ती कोणत्या बोलीत म्हटली गेली आणि म्हणणारा नेमका कोठे अडखळला, याचीही नोंद हवी.