स्टिक की बॉक्स? व्हाया अहेरी!

दिवाळीला घरी जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार? त्यात यंदा अडकलेलं मानधन एकदम सुटलं होतं. हातात चक्क पंधरा हजार! ठरवलं, चंद्रपूरला आई-बाबांच्या टीव्हीला एक झकास स्ट्रीमिंग बॉक्स न्यायचा.

आणि मग सुरू झालं कन्फ्युजन. एकीकडे अॅपल टीव्ही ४के. २०२२ मध्ये तो भारतात आला १४,९०० रुपयांना. लॅनची वायर लावायची सोय हवी तर १६,९००. दुसरीकडे फायर टीव्ही स्टिक ४के. ती २०१८ मध्ये आली तेव्हाच ५,९९९ ला होती. आईला फोन केला, तर ती म्हणाली, ‘‘कायले एवढा खर्च? एकाच्या पैशात दोन येतात ना! एक मावशीला घेऊन टाक.’’

मावशी अहेरीला एकटी राहते. काका गेल्यापासून संध्याकाळी घरात आवाज असतो तो फक्त टीव्हीचा. मुद्दा पटला. दोन स्टिक घेतल्या.

चंद्रपूरला दहा मिनिटांत काम फत्ते. घरी फायबर आहे, टीव्ही ४के आहे. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस स्पीड मागतं, तो आरामात मिळतो. बाबांनी रिमोटच्या माइकमध्ये ‘ताडोबाचे वाघ’ म्हटलं आणि वाघ हजर! स्वस्तातली म्हणून काही अडलं नाही.

मग एसटीने अहेरी. मावशीकडे साधा बत्तीस इंची टीव्ही आणि इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, रोजचे २ जीबी. मी ऐटीत यूट्यूबवर झाडीपट्टीचं नाटक लावलं. आपल्याकडे हे नाटक मंडपात रात्रभर रंगतं. इथे तासाभरातच पडद्यावर चक्र फिरायला लागलं. ‘‘संपलं काय गं नाटक?’’ मावशीने विचारलं.

नाटक नाही, डेटा संपला होता. त्याहून वाईट म्हणजे रात्री नऊला तिच्या मुलीचा नागपूरहून व्हिडिओ कॉल येतो, तोही त्या दिवशी लागला नाही. गिफ्ट द्यायला गेले आणि मावशीची दिवसभराची वाट पाहणंच खाऊन बसले! जाम ओशाळले.

हिशोब सोपा होता, मी तो केला नव्हता. नेटफ्लिक्सच्या आकड्यांनुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, ४के ला ७, साध्या क्वालिटीला साधारण १. पंधरा हजारांचा बॉक्स नेला असता तरी तिथे तेच चक्र फिरलं असतं.

मग उरलेल्या पैशांतून मावशीच्या टीव्हीसाठी वेगळं सिम आणि हॉटस्पॉटची डबी घेतली. यूट्यूबची क्वालिटी ४८० वर आणली. चित्र थोडं पुसट दिसतं, पण मावशीची तक्रार नाही.

म्हणजे महागडा बॉक्स फुकट का? अजिबात नाही. त्याचा प्रोसेसर दमदार असतो. माझ्या स्टिकमध्ये स्टोअरेज ८ जीबी, तर अॅपलच्या बॉक्समध्ये किमान ६४. ढीगभर अॅप्स आणि गेम्स हवेत, हातात आयफोन आहे, त्यातले फोटो मोठ्या पडद्यावर बघायचेत? तर जरूर घ्या.

पण कार्ड स्वाइप करण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. टीव्ही ४के आहे का आणि मागे एचडीएमआय पोर्ट आहे का? नेट फायबरचं आहे की मोबाइलचं? आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: ज्याच्यासाठी घेताय तो माणूस रोज काय बघतो?

आता मावशीकडे आधी नऊचा कॉल होतो, मग नाटक. परवा तिचा फोन आला, ‘‘काल दोन अंक पाहिले गं. तू ये, तिसरा संगं पाहू.’’